प्रॉडक्ट की विकत घेण्याआधी थांबा

पाऊस ओसरला की या सदराकडे लॅपटॉपची पत्रं वाढतात. या खेपेला बऱ्याच जणांचं दुखणं एकच आहे: पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं येऊन बसली आहेत आणि जात नाहीत. म्हणजे विंडोजचा परवाना मायक्रोसॉफ्टकडे ताडून झालेला नाही. त्या परवान्याचा पंचवीस अक्षरी क्रमांक म्हणजेच प्रॉडक्ट की. म्हापशाला माझ्या दुरुस्तीच्या टेबलावरही रोज हेच चालू आहे, म्हणून हा अंक मी याच एका विषयाला दिला. पडद्यावरचे एररचे क्रमांक इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत, ते ताडून बघा.

प्रश्न : माझा लॅपटॉप चार वर्षांचा. फारच हळू चालायचा म्हणून गेल्या वर्षी चवथीच्या आधी बाजारातल्या एका दुकानात दिला. त्यांनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकून दिलं. लॅपटॉप पळायला लागला. शिगम्याच्या सुमारास ‘तुमचा विंडोजचा परवाना लवकरच संपणार आहे’ असं यायला लागलं आणि आता ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ कायमचं दिसतं. सेटिंग्जमध्ये ०एक्ससी००४एफ०७४ असा एरर आहे. दुकानदार म्हणतात, की संपली, बाराशे रुपयांत नवी टाकून देतो. पैसे देऊन घेतलेल्या लॅपटॉपचं विंडोज संपतं कसं? निकालपत्रकं सगळी त्यातच आहेत.
— प्राथमिक शाळेतील शिक्षिका, फोंडा

उत्तर : ताई, तुमचं विंडोज संपलेलं नाही. लॅपटॉप घेताना त्याच्या किमतीत विंडोजचे पैसे तुम्ही भरलेत आणि तो परवाना अजून तुमच्या लॅपटॉपमध्येच आहे. ते बाराशे रुपये कुणालाही देऊ नका. निकालपत्रकांचीही काळजी नको. ॲक्टिव्हेशन गेलं तरी फायली जात नाहीत, मशीनही बंद पडत नाही. सेटिंग्जमधून वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत आणि तो संदेश छळत राहतो, इतकंच.

परवाना असतो कुठे, ते आधी सांगते. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पोटाला पंचवीस अक्षरी कीचं स्टिकर चिकटवलेलं असे. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून कंपन्या ती की मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, चिपमध्येच लिहून देतात. म्हणून आता स्टिकरवर की दिसत नाही आणि लोकांना वाटतं, आपल्याकडे ती नाहीच. हार्ड डिस्क बदला, एसएसडी बसवा, रॅम वाढवा, मदरबोर्ड तोच असेल तर की जागची हलत नाही. विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलर ती चिपमधून वाचतो, इंटरनेट मिळालं की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी ताडून बघतो आणि विंडोज न विचारता ॲक्टिव्हेट होतं.

मग तुमचं का झालं नाही? सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जा आणि वर आवृत्तीचं नाव वाचा. माझा अंदाज, तिथे ‘विंडोज ११ प्रो’ लिहिलेलं असेल. आपल्याकडे घरगुती लॅपटॉप बहुतेक ‘होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती घेऊन येतात. चिपमधला परवाना होमचा आणि वर बसवलेलं विंडोज प्रो, म्हणजे दोघांचा मेळ बसत नाही. दुकानाच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच प्रो भरून ठेवलेलं असतं. ते तुमच्या परवान्यावर चालणार नाही हे दुकानदाराला माहीत असतं, म्हणून ते चालवायला तो केएमएस नावाची वाट वापरतो.

केएमएस ही व्यवस्था मुळात खरी आहे. ज्या कंपनीत किंवा कॉलेजात शेकड्याने मशीनं असतात, तिथे प्रत्येकाला वेगळी की देत बसण्यापेक्षा संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवरून सगळी ॲक्टिव्हेट करायची, यासाठी ती केलेली. नेटवर्कवर निदान २५ मशीनं झाल्याशिवाय तो सर्व्हर विंडोजला परवानगी देत नाही. दिलेली परवानगी १८० दिवसांची असते, आणि मशीन दर ७ दिवसांनी सर्व्हरला हाक मारून मुदत पुन्हा १८० दिवसांवर नेऊन ठेवतं. संस्थेच्या आत हे कुणाला कळतही नाही. तुमच्या लॅपटॉपला मात्र कुठल्या तरी भलत्याच सर्व्हरचा पत्ता देऊन ठेवला होता. तो बंद पडला, हाकेला उत्तर येईना, १८० दिवस भरले. चवथ ते शिगमो, हिशेब बरोबर जुळतो. तुमच्या एररचा अर्थही ‘केएमएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढाच आहे. नवी की म्हणून बहुधा हेच पुन्हा करून देतील आणि काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा त्याच दुकानात उभ्या राहाल.

माझ्या अंदाजावर विसंबू नका, स्वतः बघा. स्टार्टमध्ये सीएमडी लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एस एल एम जी आर, एक जागा सोडून तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), आणि तिला लागून डी एल आय. एंटर दाबलं की थोड्या वेळाने छोटी चौकट येते. तिच्यातल्या ‘डिस्क्रिप्शन’च्या ओळीत शेवटी ‘चॅनल’ हा शब्द असतो, त्याच्या आधी काय आहे ते वाचा. ‘ओईएम डीएम’ असेल तर चिपमधली की वापरात आहे, सगळं ठीक. ‘रिटेल’ म्हणजे सुट्या विकत घेतलेल्या परवान्याची जात. ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ असेल आणि मशीन तुमच्या घरचं असेल, तर दुकानाने काय केलं ते कळलं. डी एल आयच्या जागी एक्स पी आर टाइप केलंत, तर परवाना कायमचा आहे की मुदतीचा, तेही एका ओळीत कळतं. दुरुस्तीहून आलेला लॅपटॉप घरी नेण्याआधी काउंटरवरच हे दोन्ही करून बघावं, असं मी प्रत्येकाला सांगते.

आता उपाय. प्रोवरून होमवर सरळ उतरायची सोय नाही, विंडोज नव्याने टाकावं लागेल. तुमच्या बाबतीत तेच इष्टही आहे. केएमएसचं काम करणारी जी चोरटी साधनं फिरतात, ती चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि दार उघडं असताना आत आणखी काय शिरलं ते कुणी सांगू शकत नाही. २०२१ च्या डिसेंबरात अशाच एका साधनाच्या बनावट इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा व्हायरस पसरत असल्याचं उघडकीला आलं होतं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणं हा त्याचा धंदा. म्हणून लॅपटॉप साफ झाल्यावर ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला.

आधी फायली बाहेर काढा. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, आणि व्हॉट्सॲपवरून उतरवलेलं काही असेल तर तेही. शाळेतल्या लोकांचं एक हमखास राहतं: फाँट. जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या (सगळ्या मशीनांवर सारखी दिसणारी आजची अक्षरपद्धती) आधीच्या मराठी फाँटमध्ये असतील, तर तो फाँट नव्या विंडोजमध्ये नसेल आणि फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. विंडोजच्या फोल्डरात ‘फाँट्स’ आहे, तिथून तुमचे मराठी फाँट उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. ब्राउझरमधले बुकमार्कही घ्या.

मग निदान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर ‘मीडिया क्रिएशन टूल’ फुकट मिळतं, ते दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर चालवून पेन ड्राइव्ह तयार करा. त्यात होम, सिंगल लँग्वेज, प्रो सगळं असतं. त्याने लॅपटॉप सुरू केला की चिपमधली की वाचून योग्य आवृत्ती आपोआप निवडली जाते. की विचारलीच, तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय घ्या आणि यादीतून होम सिंगल लँग्वेज निवडा. मूळ विंडोज १० असेल तरी तोच परवाना ११ ला चालतो. होम बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतात. ते खातं स्वतःच्या ईमेलवर करा, दुकानातल्या पोराच्या नको. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

हे घरी जमण्यासारखं नसेल तर दुकानातच करून घ्या, पण ‘होम सिंगल लँग्वेज, लॅपटॉपच्या मूळ परवान्यावर’ असं बिलावर लिहून मागा. माझ्या मते प्रत्येक दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट करण्याआधी आवृत्ती बघून ती पावतीवर लिहिलीच पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या अर्ध्या मिनिटाअभावी शिक्षक, पोस्टातून निवृत्त झालेले काका, कॉलेजची मुलं आपल्याच हक्काच्या वस्तूसाठी दुसऱ्यांदा पैसे मोजतात, ते मला बघवत नाही.

प्रश्न : आमचं समुद्राजवळ होमस्टे आहे. बुकिंगचा लॅपटॉप पावसात मेला. मदरबोर्ड गंजला म्हणून बदलून आणला. आता ०एक्ससी००४एफ२११ येतो. परवाना गेला का?
— होमस्टे चालक, पेडणे तालुका

उत्तर : तुमच्या एररचा अर्थ ‘या मशीनचं हार्डवेअर बदललेलं दिसतं’ असा आहे. वर फोंड्याच्या ताईंना सांगितलं तेच इथे उलट लागू होतं: मदरबोर्ड गेला म्हणजे की लिहिलेली चिपही गेली.

खारं वारं काय करतं ते मी दर पावसाळ्यात बघते. चार्जिंगच्या पिनेजवळ आणि कीबोर्डच्या पट्टीखाली हिरवट पांढरा थर धरतो, कनेक्टरचे पाय काळे पडतात, आणि एक दिवस मशीन बटण दाबल्यावर जागं होत नाही.

आधी साधा प्रयत्न करा. जुना बोर्ड चालू असताना तुम्ही त्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करत होतात का? विंडोज १० च्या २०१६ मधल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून डिजिटल परवाना, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची तुमच्या मशीनची नोंद, त्या खात्याला जोडला जातो. ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ दाबा आणि ‘मी अलीकडे या मशीनचं हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडा. त्याच खात्याने साइन इन केल्यावर मशीनांची यादी येईल. तिच्यात जुनं नाव सापडलं तर ते निवडा. हे करताना लॅपटॉपवर तुमचे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हवेत.

हे चाललं नाही, तर बोर्ड कुणी बदलला ते महत्त्वाचं. लॅपटॉपसोबत कंपनीकडून आलेला परवाना त्या एका मशीनशी बांधलेला असतो, दुसरीकडे नेता येत नाही. मात्र बिघाडामुळे कंपनीने तोच किंवा तसाच बोर्ड घातला तर परवाना तुमचाच राहतो आणि नव्या चिपमध्ये की लिहून देणं हे अधिकृत सेवा केंद्राचं काम आहे. दुरुस्तीची जॉबशीट घेऊन जा आणि ‘बोर्डात विंडोजची की लिहून द्या’ अशा स्पष्ट शब्दांत सांगा. बाहेरच्या माणसाने दुसऱ्या लॅपटॉपचा जुना बोर्ड काढून बसवला असेल, तर नवा परवाना विकत घेण्यावाचून सहसा मार्ग उरत नाही. तो घ्याल तर रिटेल घ्या. म्हणजे पुढे हा लॅपटॉप गेलाच, तर तो दुसऱ्यावर नेता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण किनारपट्टीवरच्या सगळ्यांसाठी सांगते. आजकालच्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवण्याची सोय, बऱ्याचदा आपोआप सुरू असतं. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर पाहुण्यांच्या नोंदी, फोटो, सगळं कुलूपबंद. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर साठवलेली असते. लॅपटॉप धडधाकट आहे तोवर ती कागदावर उतरवून घ्या. परवाना पुन्हा विकत मिळतो, त्या नोंदी मिळत नाहीत.

प्रश्न : भावाने बंगळूरची नोकरी सोडली तेव्हा कंपनीने त्याला लॅपटॉप तसाच दिला. घरी आणल्यावर काही महिने बरा चालला, आता ॲक्टिव्हेट करा म्हणतो. यातही कुणी काही चोरटं केलं आहे का?
— वाचक, कुडचडे

उत्तर : नाही, इथे कुणाचीच लबाडी नाही. तो खऱ्या केएमएसवर होता. कंपनीचं नेटवर्क सुटलं, १८० दिवस सरले. कंपन्यांसाठीचे लॅपटॉप बऱ्याचदा मुळातच प्रोच्या कीसह येतात, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे विंडोज नव्याने टाका, बहुधा आपसूक ॲक्टिव्हेट होईल. नव्याने टाकल्यावर जर त्याने कंपनीच्या ईमेलनेच साइन इन करा असा हट्ट धरला, तर लॅपटॉप अजून कंपनीच्या यादीत आहे. भावाने तिथल्या आयटी विभागाला लिहून तो यादीतून मोकळा करून घ्यायला हवा.

प्रश्न : इंटरनेटवर ३९९ रुपयांत विंडोज ११ प्रोची की घेतली. पावती आहे. तीन-चार महिने चालली, आता ०एक्ससी००४सी००३. विक्रेता उत्तर देत नाही.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी

उत्तर : या एररचा अर्थ की मायक्रोसॉफ्टने अडवली आहे. शेवटी सी००८ असता तर ती ठरल्याहून जास्त मशीनांवर वापरली गेली, असा अर्थ झाला असता. इतक्या स्वस्त की बहुधा कुठल्या तरी संस्थेच्या गठ्ठ्यातून निसटलेल्या असतात. एकच की अनेकांना विकतात, आणि गैरवापर लक्षात आला की ती बंद होते. हातातली पावती पैसे दिल्याचा पुरावा आहे, परवान्याचा नाही. पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे तक्रार कर, आणि ज्या संकेतस्थळावर घेतलीस तिथे परतावा माग.

आणि मित्रांनो, ‘सगळेच वापरतात’ हे मी रोज ऐकते. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ६३ बी आहे. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड असं त्यात लिहिलेलं आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यात वापर झालेला नसेल, तर न्यायालय कैद टाळून फक्त दंडही करू शकतं. तुझ्या लॅपटॉपसोबत होम आलेलं असेल, तर अभ्यासाला तेच पुरतं. कॉलेजाकडून विद्यार्थ्यांसाठी काही परवाने मिळतात का, तेही तिथल्या लॅबमध्ये विचार.

प्रश्न : पडद्यावर लाल चौकट आली, ‘विंडोजचा परवाना रद्द, ताबडतोब या नंबरवर फोन करा’. भोंगाही वाजत होता. मी फोन केला. त्यांनी सांगितलेलं ॲप घेतलं, पैसे मात्र अजून दिलेले नाहीत.
— निवृत्त कर्मचारी, म्हापसा

उत्तर : काका, पैसे दिले नाहीत हे उत्तम केलंत. विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ती चौकट म्हणजे ब्राउझरमधलं एक पान होतं, तुमच्या परवान्याला काहीही झालेलं नाही. आता आधी वायफाय बंद करा. त्यांनी घ्यायला लावलेलं ॲप दूरून ताबा घेण्याचं आहे, ते सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून काढून टाका. बँकेचा पासवर्ड फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बदला आणि शाखेत जाऊन कल्पना द्या. खात्यातून एक रुपयाही गेल्याचं दिसलं तर लगेच १९३० ला फोन करा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवायची शक्यता जास्त. पुन्हा तशी चौकट आली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा आणि येणाऱ्या यादीतून ब्राउझर बंद करा. घरच्यांना सांगायला संकोचू नका. ही टोळकी शिकल्यासवरल्या माणसांनाही रोज फसवतात.

प्रश्न : लॅपटॉप दोन महिने कपाटात होता. आता एरर ०एक्स८००७२एफ८एफ. इंटरनेट तर चालू आहे.
— वाचक, साखळी

उत्तर : घड्याळ बघा. तारीख मागची कुठली तरी दाखवत असेल. तारीख चुकली की सर्व्हरशी होणारी सुरक्षित जोडणी फसते आणि ॲक्टिव्हेशनही. वेळ आपोआप घेण्याचा पर्याय सुरू करा, टाइम झोन भारताचा ठेवा आणि पुन्हा प्रयत्न करा. लॅपटॉप बंद केल्यावर तारीख परत मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा सेल बदलून घ्या, स्वस्तातलं काम आहे.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचा जुना लॅपटॉप विंडोज ७ चा. खाली स्टिकर आहे. ती की घालून विंडोज १० फुकट होतं असं ऐकलं होतं, पण घेत नाही. आरत्या आणि अभंग सगळे त्यात टाइप केलेले आहेत.
— भजनी मंडळाचे चिटणीस, डिचोली तालुका

उत्तर : एकेकाळी होत असे. ती सवलत अधिकृतपणे २९ जुलै २०१६ ला संपली. तरी पुढे कित्येक वर्षं ७ ची की चालून जायची. २०२३ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टने तीही वाट बंद केली. हा लॅपटॉप मधल्या काळात एकदा तरी १० वर गेला होता का, ते मंडळात विचारा. गेला असेल तर त्याचा डिजिटल परवाना सर्व्हरवर नोंदलेला आहे आणि की न घालता १० टाकलं तरी ॲक्टिव्हेट होईल.

पण तेवढा खटाटोप करू नका असं मी सांगेन. विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या मशीनवर ११ अधिकृतपणे बसत नाही. टाइप करणं, छापणं, तानपुऱ्याची ध्वनिफीत लावणं एवढंच काम असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाका. फुकट आहे, की लागत नाही, आणि मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो. अभंग जुन्या फाँटमध्ये असतील तर फोंड्याच्या ताईंसारखे फाँट आधी काढून ठेवा, ते लिनक्समध्येही बसवता येतात. मिंट पेन ड्राइव्हवरून डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. तसं एक संध्याकाळ चालवा, दोन-चार अभंग उघडा, आणि मंडळाचा प्रिंटर त्याला ओळखता येतो का ते बघितल्याशिवाय विंडोज पुसू नका.